मुंबई ते दुबई : अंतर आणि वेळ



या व्याख्यानमालेत माझ्यासारख्याने विमानाच्या प्रवासावर बोलावे, याचे आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. मी वैमानिक नाही, भूगोलाचा प्राध्यापक तर नाहीच नाही. सातवी झाल्यावर जिनिंगमध्ये गाठी ओढायला लागलो, आणि पुढे हमाल व जिनिंगचे कामगार यांच्या संघटनेचे काम माझ्या गळ्यात पडले. जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर, आणि जे समजले नाही ते जाणत्यांना विचारून. पण कामगारांत काम करणाऱ्याला एक विद्या यावीच लागते, ती घड्याळाची. पाळी केव्हा सुरू झाली, केव्हा सुटली, आणि मधला अर्धा तास कोणाच्या खात्यात गेला, या तीन प्रश्नांवर माझी तीस वर्षे गेली. आजचा विषयही खरे पाहता घड्याळाचाच आहे.

हा विषय मला एका आईने दिला. 2018 सालच्या हिवाळ्यात आमच्या संघटनेतला एक जुना हमाल वारला. गुरुवारची रात्र होती, दहाचा सुमार. त्याचा मुलगा दुबईला नळजोडणीच्या कामावर होता. त्याला फोन त्याच क्षणी गेला. जमलेली मंडळी म्हणाली, "तीन तासांचा तर रस्ता आहे, पोरगा येईल, थांबा." शुक्रवारी दुपारपर्यंत थांबलो. शेवटी पुतण्याने अग्नी दिला. मुलगा घरी पोचला तो रविवारी रात्री दहा वाजता. सकाळीच राख सावडून झाली होती. काही दिवसांनी गंधमुक्तीच्या वेळी त्याच्या आईने मला विचारले, "तीन तासनी वाट, मंग तीन दिन कसा लागनात रे भाऊ?" मी तेव्हा काहीतरी बोलून वेळ मारून नेली. ते उत्तर नव्हते. आज त्या माउलीला उशिराने का होईना, पण हिशेबवार उत्तर द्यावे असे मनात आहे.

आधी अंतर पाहू. मुंबईचा विमानतळ आणि दुबईचा विमानतळ यांच्यामधले सरळ अंतर सुमारे 1,930 किलोमीटर आहे. सरळ म्हणजे काय, हे मला वाचनालयातल्या पृथ्वीच्या गोलावर कळले. सपाट नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली की आपण तिला सरळ म्हणतो. पण पृथ्वी वाटोळी आहे, तिच्यावर पट्टी चालत नाही, दोरा चालतो. गोलावर दोन गावांमध्ये दोरा ताणून धरावा. तो आपोआप जी वाट धरतो ती सर्वांत जवळची. तीस सेंटिमीटर व्यासाच्या गोलाचा घेर सुमारे चौऱ्याण्णव सेंटिमीटर भरतो आणि पृथ्वीचा घेर सुमारे 40,000 किलोमीटर आहे. म्हणजे दोऱ्याचा एक सेंटिमीटर सव्वाचारशे किलोमीटरांचा झाला. मुंबई-दुबईचा दोरा भरतो साडेचार सेंटिमीटर. आपल्या बोटाची दोन पेरेसुद्धा नाहीत.

वैमानिक मात्र किलोमीटरांत मोजत नाहीत, सागरी मैलात मोजतात. एक सागरी मैल 1.852 किलोमीटरांचा. ही विचित्र संख्या कोठून आली? पृथ्वीच्या घेराचे 360 अंश, एका अंशाच्या साठ कला, आणि त्या एका कलेची पृथ्वीवरची लांबी म्हणजे एक सागरी मैल. या मापाने मुंबई-दुबई सुमारे 1,040 मैल होते.

आता आपल्या गावाकडे या. दोंडाईचा ते मुंबई विमानतळ हे अंतर दोऱ्याने मोजले तर सुमारे तीनशे किलोमीटर भरते. पण आपली गाडी दोऱ्यावरून जात नाही. ती आधी पश्चिमेला नंदुरबार, नवापूर करीत सुरतेला जाते आणि तेथून दक्षिणेला वळून मुंबई गाठते. हा लोहमार्ग साडेचारशे किलोमीटरांच्या घरात जातो. विमानालाही थोडेसे असेच होते. उडताना आणि उतरताना वाऱ्याच्या तोंडावर राहण्यासाठी त्याला फेरा घ्यावा लागतो, आकाशातल्या ठरवून दिलेल्या मार्गांनी जावे लागते, आणि राज्याराज्यांच्या भांडणांचाही वळसा पडतो. 2025 च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा दिल्ली आणि अमृतसरकडून पश्चिमेला निघालेल्या विमानांना दक्षिणेकडून वळून जावे लागले. मुंबईची वाट बहुतेक अरबी समुद्रावरून आहे, म्हणून तिला त्याची झळ कमी लागली. सांगायचे एवढेच की, दोऱ्याचे अंतर हे कमीत कमी अंतर आहे. माणूस चालतो ते त्याहून नेहमी जास्त असते.

आता वेळ. मोठे प्रवासी विमान उंचावर ताशी साधारण 850 किलोमीटर वेगाने जाते. भागाकार करा, 1,930 ला दोन तास सोळा मिनिटे लागतात. पण वेळापत्रक पाहाल तर तेथे तीन, सव्वातीन तास लिहिलेले असतात. मग पाऊण-एक तास कोठे गेला?

काही वाटा वाऱ्याचा आहे. तापीच्या पुरात होडी घालणारा भोई जे जाणतो तेच वैमानिक जाणतो. हिवाळ्यात उत्तर भारत आणि अरबस्तान यांच्यावर, उंच आकाशात, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. समजा, तो आपल्या वाटेवर ताशी शंभर किलोमीटरांचा आहे. जाताना विमान 750 ने जाईल, त्याला दोन तास चौतीस मिनिटे लागतील. येताना 950 ने येईल, त्याला दोन तास दोन मिनिटे लागतील. एकच वाट, एकच विमान, आणि फरक बत्तीस मिनिटांचा. पावसाळ्यात उंचावरचे चित्र पालटते. दक्षिण भारतावर पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा एक वेगवान प्रवाह तयार होतो. तो आपल्या हवामान खात्याच्या पी. कोटेश्वरम् या शास्त्रज्ञाने 1958 साली जगापुढे मांडला, याचा आपल्याला अभिमान असायला हरकत नाही.

बाकीचा वाटा जमिनीवरचा आहे. विमानाच्या वेळेची सुरुवात ते उडते तेव्हा धरीत नाहीत. उभ्या विमानाच्या चाकांना ठोकळे लावलेले असतात, जशी आपण उतारावर उभ्या केलेल्या गाडीच्या चाकाला दगडाची उटी लावतो तशी. ते ठोकळे निघून विमान जागचे हलले की वेळ सुरू, आणि पलीकडे जागेवर उभे राहून पुन्हा ठोकळे लागले की वेळ संपली. धावपट्टीपर्यंतचे रांगणे, आपल्या पाळीची वाट पाहणे, वर चढणे, खाली उतरणे, सारे त्यात येते. म्हणून जाताना सव्वातीन तास आणि येताना तीनच्या आतबाहेर, हा साधारण हिशेब.

आता एक गंमत पाहा. मुंबईहून विमान सकाळी दहा वाजता निघाले आणि सव्वातीन तासांनी दुबईला उतरले, तर तेथल्या भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा वाजलेले दिसतील. प्रवास पावणेदोन तासांचा झाला असे वाटेल. परत येताना दुबईहून दहा वाजता निघा, तीन तासांनी उतरा, मुंबईचे घड्याळ अडीच दाखवील. प्रवास साडेचार तासांचा वाटेल. यात खरे कोणते? दोन्ही खोटे. पावणेदोन आणि साडेचार यांची बेरीज सव्वासहा तास. तिच्या निम्मे केले की तीन तास सात-आठ मिनिटे. ही सरासरी खरी, कारण बेरजेत दोन गावांच्या घड्याळांमधला फरक एकदा उणे आणि एकदा अधिक होऊन निघून जातो. माझ्या तरुण मित्रांनी ही युक्ती ध्यानात ठेवावी. कोणत्याही दोन गावांच्या वेळापत्रकावरून, घड्याळांमधला फरक ठाऊक नसतानाही, प्रवासाचा खरा वेळ हिने काढता येतो.

हा दीड तासाचा फरक तरी कोठून आला? पृथ्वी एका तासात पंधरा अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटे. मुंबई आणि दुबई यांच्यात साडेसतरा अंश आहेत, तेव्हा सूर्याच्या मते फरक सत्तर मिनिटांचा. पण घड्याळे सूर्याला विचारून लावीत नाहीत, सरकारला विचारून लावतात. भारताचे घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेषेवर लावलेले आहे, दुबईचे साठ अंशांच्या. साडेबावीस अंशांची झाली नव्वद मिनिटे. आपले दोंडाईचे साडेचौऱ्याहत्तर अंशांवर, म्हणून आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात सरासरीने साडेबारा होऊन गेलेले असतात.

या सरकारी घड्याळाशी कामगारांचे एक जुने भांडण आहे, ते सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. 1906 सालच्या जानेवारीत भारताची प्रमाणवेळ लागू झाली. त्याआधी मुंबईची स्वतःची वेळ होती, ती प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटे मागे होती. काटा पुढे सरकवला की गिरणीचा भोंगा सूर्याच्या मानाने एकोणचाळीस मिनिटे आधी वाजणार. त्याच महिन्यात मुंबईच्या हजारो गिरणी कामगारांनी या नव्या वेळेने कामावर जायला नकार दिला आणि काम बंद पाडले. शहाण्यांनी त्यांना अडाणी म्हटले. मला ते अडाणी वाटत नाहीत. घड्याळाचा काटा कोणी हलवला की कोणाची तरी झोप जाते, हे त्यांना पुस्तकाशिवाय कळले होते. त्याआधी सोळा वर्षे, 1890 साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली होती. तास मोजणे ही आपल्या चळवळीची पहिली बाराखडी आहे.

आता थोडा मागचा काळ पाहू, म्हणजे आजचे तीन तास किती मोठी कमाई आहे हे समजेल. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन एका इंजिनाचे लहान विमान उडवले. अहमदाबादला थांबून ते दुपारी मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले. सुमारे हजार किलोमीटरांच्या या वाटेला सात तासांवर वेळ लागला. अहमदाबादला त्या विमानासाठी इंधनाचे डबे बैलगाडीतून आणले होते, अशी आठवण सांगतात. आकाशातले यंत्र केवढेही वेगवान असो, त्याचा वेळ शेवटी बैलगाडीवरच अडतो, हे मला त्या आठवणीत फार खरे वाटते.

आखातात जाणारी आपली माणसे तेव्हा आगबोटीने जात. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटी मुंबईहून कराची, मस्कत, दुबई अशी बंदरे घेत बसऱ्यापर्यंत जात. त्यांतली 'दारा' नावाची बोट 1961 च्या एप्रिलमध्ये दुबईजवळ स्फोट होऊन पेटली आणि 238 माणसे गेली. त्यांत डेकवर अंथरूण टाकून जाणारे गरीब पुष्कळ होते. त्या मार्गावरची शेवटची बोट 'द्वारका' 1982 साली थांबली. दुबईचा विमानतळ 1960 साली सुरू झाला तेव्हा त्याची धावपट्टी दाबून बसवलेल्या वाळूची होती. आज तो जगातल्या सर्वांत गजबजलेल्या विमानतळांपैकी आहे. बोटीला दिवस लागत, विमानाला तास लागतात. ही मानवाची कमाई आहे, तिला मी नावे ठेवणार नाही.

पण मग त्या आईचा प्रश्न उरतोच. आता तिचा हिशेब मांडू. मुलाने मला नंतर सारे सांगितले, ते मी वहीत उतरून घेतले आहे. सारी वेळ आपल्या घड्याळाची.

गुरुवारी रात्री दहाला त्याला निरोप मिळाला. त्याचा पासपोर्ट मालकाच्या कचेरीत, कपाटात कुलूपबंद होता. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, तेथली सुट्टी. मुकादमाने साहेबाला, साहेबाने मोठ्या साहेबाला विचारायचे. शनिवारी दुपारी दोन वाजता पासपोर्ट हातात पडला. हे झाले चाळीस तास. मग मित्रांकडून उसने घेऊन तिकीट काढले, सामान आवरले, विमानतळावर तीन तास आधी जाऊन बसला. विमान निघेपर्यंत चौदा तास. विमानाने घेतले तीन तास. मुंबईला शिक्के आणि सामान यांत दोन तास. गाडीची वाट पाहण्यात चार तास. सुरतेला गाडी बदलून दोंडाईच्यापर्यंत नऊ तास. बेरीज करा : चाळीस, चौदा, तीन, दोन, चार, नऊ. बहात्तर तास, बरोबर तीन दिवस.

या बहात्तरांपैकी विमानाचे तास तीन. म्हणजे चोविसावा हिस्सा. आपण विमानाला दोष देत होतो, कोणी नशिबाला देत होते, आणि अर्ध्याहून जास्त वेळ एका कुलूपबंद कपाटाने खाल्ला होता. पंधरा हजार मैलांच्या वेगाचे विमान शोधून काढले तरी त्या बहात्तरांतले तीनच तास वाचणार आहेत. कपाट उघडले तर चाळीस वाचतात. बंधुभगिनींनो, वेग वाढवणे हे शास्त्रज्ञांचे काम आहे. कपाट उघडणे हे आपले आहे.

हिशेब कोठून सुरू करायचा, यात सारे आहे. खुद्द वैमानिकांचेच उदाहरण घ्या. त्यांच्या कामाचा दिवस विमान उडते तेव्हा सुरू होत नाही, ते कामावर हजेरी देतात तेव्हा सुरू होतो. कारण थकवा काही विमान उडायची वाट पाहत नाही. 2024 साली आपल्या विमान वाहतूक महासंचालनालयाने हे नियम सुधारले आणि आठवड्याची विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर नेली. पुढच्या वर्षी ते टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागले, तेव्हा कंपन्यांकडून कुरकुर झाली, पण मागणी रास्त होती. जो न्याय वैमानिकाला, तोच त्याच्या मागे बसलेल्या गवंड्याला का नको? आखातातला कामगार पहाटे कॅम्पमधून बसमध्ये चढतो आणि रात्री परत उतरतो. कागदावर त्याचे आठ तास असतात. बसमधले तास सामान्यतः कोणी मोजीत नाही.

तुम्ही म्हणाल, मग करायचे काय? कायदा अगदीच मुका नाही. संयुक्त अरब अमिरातीचा नवा कामगार कायदा 2021 साली झाला आणि फेब्रुवारी 2022 पासून लागू झाला. कामगाराची कागदपत्रे मालकाने अडकवून ठेवू नयेत, असे तो स्पष्ट सांगतो. आईवडील, मुले, भावंडे यांपैकी कोणी गेले तर तीन दिवसांची पगारी रजा, पती किंवा पत्नी गेल्यास पाच दिवसांची, हेही त्यात आहे. ही चांगली गोष्ट झाली. पण आता आपला दोरा काढा आणि मोजा. पासपोर्ट खिशात आहे, तिकीट लगेच मिळाले, गाडीही वेळेवर आली, तरी दुबईच्या कॅम्पपासून दोंडाईच्याच्या उंबऱ्यापर्यंत एक दिवस जातो. परतीला दुसरा. तीन दिवसांच्या रजेत आईजवळ बसायला उरतो एक दिवस. रजा देणाऱ्याने विमानतळ ते विमानतळ मोजले असावे; माणूस उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत जातो.

आपल्या बाजूनेही काही करण्यासारखे आहे. 1983 च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे, दहावी न झालेल्या माणसाला आखाती देशांत कामासाठी जाताना उत्प्रवासी संरक्षकाची परवानगी लागते. पुष्कळांना ती कटकट वाटते आणि एजंट तिला बगल देण्याच्या वाटा सांगतो. मी हात जोडून सांगतो, बगल देऊ नका. त्या परवानगीमुळेच करार नोंदला जातो आणि दहा लाखांचा अपघाती विमा मिळतो. नोंदणी असलेल्या एजंटाला 30,000 रुपये आणि त्यावरचा कर, याहून अधिक घेता येत नाही. जो लाख मागतो तो आपली जमीन मागतो. करारावर अंगठा किंवा सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा : पासपोर्ट कोणाजवळ राहणार, घरी दुःखद प्रसंग आला तर रजा किती आणि तिकीट कोणाचे, आणि कामाचे तास कोठून कोठपर्यंत मोजणार. पासपोर्टची आणि कराराची एकेक प्रत घरात, आईच्या पेटीत ठेवा. दुबईला भारत सरकारचे प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, त्याचा पत्ता त्या प्रतीच्या पाठीवर लिहून ठेवा. अडचण आल्यावर पत्ता शोधायला बसलो की त्यातही तास जातात.

आणि येथे बसलेल्यांनाही एक विनंती. आपल्या गावातून किती मुले बाहेर आहेत, कोणत्या देशात, कोणाकडे, याची एक साधी वही वाचनालयात का असू नये? मिरचीच्या आवकेची नोंद आपण पोत्यापोत्याने ठेवतो. माणसांची नोंद ठेवायला त्याहून जास्त शाई लागणार नाही. अशी वही ठेवायला माझी संघटना तयार आहे. तिच्यात पहिले नाव त्या मुलाचे लिहीन, कारण तो पुन्हा दुबईलाच आहे. आता पासपोर्ट त्याच्या स्वतःच्या पेटीत आहे. मागच्या दिवाळीला तो आला तेव्हा कॅम्पच्या दारापासून घराच्या दारापर्यंत त्याला एकवीस तास लागले. आई मला म्हणाली, हे बरोबर आहे.

तिला तीन तासांचे विमान नको होते. तिला हिशेब हवा होता. तो जमेल तसा आपल्यापुढे मांडला. चूकभूल द्यावी घ्यावी, आणि मला रजा असावी.